तेल खाली उतरेपर्यंत

फोन टेबलावर थरथरला आणि काट्यावरचे शेवटचे आकडे पळायला लागले. आमच्या प्रयोगशाळेतला हा वजनकाटा इतका हळवा आहे की समोरच्या माणसाने उसासा टाकला तरी त्याला समजतं. म्हणून तो काचेच्या पेटीत असतो आणि त्या टेबलावर फोन ठेवायला बंदी असते. फोन माझाच होता. पलीकडे आत्या. कशी आहेस, जेवलीस का, असलं काही नाही. "मुंगे, ऐक. तुमच्या राजेंना सांग, गाडी येणार नसेल तर मीही येणार नाही. इथल्या वृद्धाश्रमात जागा मिळतेय. खिडकीजवळची आहे म्हणे. मला खिडकीचा काय उपयोग, पण आहे." एवढं बोलून तिने फोन ठेवला. मी पेटीचं दार सरकवलं आणि आकडे थांबायची वाट पाहत बसले. ते थांबले. माझ्या आत मात्र काहीतरी त्या आकड्यांसारखंच पुढे-मागे होत राहिलं, दुपारभर.

राजे म्हणजे माझे बाबा. आत्या त्यांची थोरली बहीण, आणि थोरलेपणाबरोबर मिळालेला टोमणे मारायचा हक्क तिने कधी सोडलेला नाही. अलीकडे तिच्या नजरेच्या मधोमध एक डाग वाढत गेला होता. कडा शाबूत, मधलं सगळं पुसलेलं. समोरच्याचा चेहरा पाहायचा तर तिला त्याच्या कानाकडे बघावं लागे. एकटीने राहणं आता शक्य नव्हतं. बाबांनी तिला आमच्याकडे यायला सांगितलं, आईने मागची खोली रिकामी केली, भिंतींना रंगही दिला. आणि आता हे. त्या संध्याकाळी बाबा स्वयंपाकघरात उभ्या उभ्या म्हणाले, "तो डबा? तो पोरीपेक्षा वयाने मोठा आहे! भंगारवालासुद्धा नाक मुरडेल. आणि दिसत नाही तिला, करणार काय गाडीचं?" मग आवाज खाली आणून, "खोली दिली ना आपण. भावाच्या घरापेक्षा तिला पत्र्याचा डबा जास्त?" मी म्हटलं, "मी घेऊन येते दोघींना." "वाटेत बंद पडली तर ढकलणार कोण?" "मी." "आणि कायमची बंद पडली तर?" याचं उत्तर आम्हा तिघांनाही माहीत होतं. आत्या शब्दाची पक्की होती. गाडी वाटेत मेली असती तर ती पहिल्या बसने उलटी गेली असती आणि त्या खिडकीजवळच्या पलंगावर, बाहेर न बघता, उरलेलं आयुष्य बसली असती.

आई आजारी होती त्या वर्षांत मी आत्याकडे वाढले. ती वजनमापे निरीक्षक होती. बाजारात जायचं, दुकानदारांचे तराजू तपासायचे, खोटं वजन सापडलं तर जप्त करायचं, हे तिचं काम. त्यासाठी पितळेच्या प्रमाण वजनांची एक लाकडी पेटी गाडीच्या मागच्या सीटवर डाव्या बाजूला कायम असायची, आणि उजवीकडे मी. वजनं माझ्यापेक्षा भारी, त्यामुळे गाडी डावीकडे कलायची. पेटी सरकारजमा होऊन कितीतरी काळ लोटला तरी ती कललेलीच राहिली. ठरल्याप्रमाणे मी तिला आणायला तिच्या घरी पोचले, या वेळी पुढे बसले, चावी फिरवली, आणि स्टिअरिंग हातात येताक्षणी ती डावी ओढ जाणवली. हाताला ती आठवत होती, हे विचित्र होतं, कारण लहानपणी मी गाडी कधी चालवली नव्हती. मी फक्त त्या ओढीच्या विरुद्ध बाजूला बसायचे.

निघताना तिथल्या गॅरेजवाल्याने बॉनेटवर थाप मारली. "दमाने न्या. तापली तर थांबा. तेल पिते ही आता, दर थांब्याला ऑइल बघत चला." आत्याने मान डोलावली. शेजारच्या सीटवर तिने एक उशी पाठीला घेतली, पर्स मांडीवर, थर्मास पायांशी. मागे तिचं सगळं सामान होतं, आणि ते फार थोडं होतं. घर बंद करताना तिने मागे वळून पाहिलं नाही. नंतर माझ्या लक्षात आलं की मागे वळून पाहिलं असतं तरी तिला दाराची चौकट दिसली असती, दार नाही.

शहर सुटल्यावर रस्ता सरळ झाला. दोन दिवसांची वाट होती. पहिल्या टप्प्यात मी इंजिन ऐकत होते. प्रत्येक आवाज मला एखाद्या आजाराचं लक्षण वाटत होता. ही खरखर नवीन आहे का? हा वास आत्ताचा की सीटच्या फोमचा? काचेच्या कडेच्या रबराचा तो उन्हात भाजलेला वास मात्र जुनाच होता, आणि तो नाकात गेला की मी सात-आठ वर्षांची व्हायचे, पाय खाली न पोचणारी, गुडघ्यांवर डब्याचं झाकण ठेवून त्यात खडे मोजणारी. आत्या त्या वेळी एखाद्या धान्याच्या दुकानात असायची. दुकानदार अतिशय गोड बोलत असायचा. आत्या एका पारड्यात आपलं पितळी वजन ठेवायची, दुसऱ्यात त्याचं, आणि हात मागे घेऊन गप्प उभी राहायची. ते गप्प उभं राहणं मला फार आवडायचं. दुकानदार म्हणायचा, झालं बाई, बरोबर आहे. ती म्हणायची, अजून हलतंय. पारडी वर-खाली होत राहायची, हळूहळू कमी, आणखी कमी. सगळं दुकान तिच्याबरोबर थांबायचं. गाडीत परतल्यावर ती मला सांगायची, "घाईत वाचलेलं माप म्हणजे थापच." मी विज्ञानाकडे का वळले, असं मुलाखतीत मला विचारलं होतं तेव्हा मी काहीतरी छापील उत्तर दिलं. खरं उत्तर ते दुकान होतं.

"मुंगे, डावीकडे काय पिवळं पिवळं आहे?"

"शेत. फुलं आहेत कसली तरी."

"कसली तरी म्हणजे? तू शास्त्रज्ञ ना?"

"मी रसायनवाली आहे, आत्या. फूल दळून आणलंस तर सांगते."

ती हसली. "मला या डोळ्यांचं एक बरं वाटतं. रस्ता दिसत नाही, पण रस्त्याच्या कडा दिसतात. इतकी वर्षं गाडी चालवली, कडा कधी बघितल्याच नव्हत्या."

पहिल्यांदा थांबलो तेव्हा मी बॉनेट उघडलं, ऑइलची पट्टी ओढली, फडक्याने पुसली, आत घातली, पुन्हा ओढली. बाजूने ट्रक जात होते, प्रत्येक ट्रकबरोबर गाडी हलत होती. आत्या आतून ओरडली, "किती?" "खालच्या खुणेच्या जरा खाली." "मग घाल." मी घातलं, डब्यातून, नरसाळ्याने, एक थेंब बाहेर न सांडता. पुढच्या थांब्यालाही तेच. त्याच्या पुढच्यालाही. किती? खाली. घाल. आम्ही दोघी एका यंत्राच्या दोन भागांसारख्या झालो होतो, आणि खरं सांगायचं तर मला त्यात सुख वाटत होतं. काळजी करण्यापेक्षा मोजणं सोपं असतं. मला वाटायचं, बाबांनी बघावं: काय काय मोजून, किती नीट आणतेय मी तिला.

संध्याकाळी एका लॉजवर उतरलो. आत्याने आंघोळ केली आणि ओल्या केसांनी पलंगावर बसून डबा उघडला. मॅनेजर स्वतः वर आला, आजी आल्यात म्हणून दोन सफरचंदं घेऊन. आत्याने ती परत केली. "नको हो, आमच्याकडे आहे." आमच्याकडे नव्हतं. तिचं हे नाकारणं मला ठाऊक होतं. नोकरीत असताना कोणी काही देऊ केलं की ते लाच ठरू शकायचं, म्हणून तिने कधीच काही घेतलं नाही, चहासुद्धा नाही. आणि मग ती सवय कामातून निघून अंगात शिरली. एकदा एका स्टेशनरीवाल्याने मला रंगीत पेन्सिल दिली होती, निळी, टोकदार. आत्याला ती गावाबाहेर गेल्यावर दिसली. तिने गाडी वळवली, इतक्या लांब परत गेली, पेन्सिल काउंटरवर ठेवली, आणि दुसऱ्या दुकानातून तशीच निळी पेन्सिल विकत घेऊन मला दिली. रागावली अजिबात नाही. त्या रात्री लॉजच्या खोलीत तिच्या संथ श्वासाचा आवाज ऐकताना मला पहिल्यांदाच कळलं की आमच्या घरी येणं तिला किती जड जात असणार. रंगवलेली खोली. आईने आणलेला नवा पंखा. सगळं दिलेलं, आणि परत करायला जायचं तर दुकान कुठलं? तिच्या मालकीची, तिने कमावलेली, जिच्या दाराची किल्ली तिच्या पर्समध्ये असेल अशी जगात एकच जागा होती, आणि ती खाली अंगणात डावीकडे कलून उभी होती.

आणि मी? मी तिला कधी थँक्यू म्हटलं नव्हतं. एकदा पदवी मिळाल्यावर म्हणू पाहिलं होतं, तर ती म्हणाली, "आभार कसले मानतेस, मी काय समारंभाची पाहुणी आहे?" म्हणून मी ते आत ठेवून दिलं. ते तसंच साचत गेलं.

दुसऱ्या दिवशी उन्हं कलायला लागली होती तेव्हा चढ आला. घर आता फार दूर नव्हतं. मी आरशात पाहिलं तर मागचा रस्ता नव्हता. निळसर पांढरा धूर होता, दाट, आमच्याच गाडीतून निघणारा. मागच्या ट्रकने हॉर्न वाजवला. आत्या म्हणाली, "काय झालं? वास कसला?" चढाच्या माथ्यावर एक मोकळी जागा होती, तिथे गाडी घेतली आणि इंजिन बंद केलं. निळा धूर म्हणजे तेल जळतंय. तेल जळतंय म्हणजे इंजिन आतून गेलंय. एवढं मी वाचलेलं होतं. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले आणि मला तो खिडकीजवळचा पलंग दिसला, पांढरी चादर घट्ट खोचलेला.

मागचा ट्रकही थांबला होता. ड्रायव्हर उतरून आला, पोट सुटलेला, गळ्यात टॉवेल. त्याने सगळीकडून गाडीला चक्कर मारली. "गेली ही, ताई. इंजिन उतरवावं लागणार. त्यापेक्षा इथेच कुणाला तरी देऊन टाका आणि आजीबाईंना बसने न्या."

"आजीबाई कुणाला म्हणतोस?" खिडकीतून आत्याचा आवाज आला. ती त्याच्या कानाकडे बघत होती. "तुझं पोट बघता तूच मोठा दिसतोस."

"दिसतं काय तुम्हाला, मावशी?"

"पोट दिसतं. कडेला आहे ना."

तो मोठ्याने हसला आणि गेला नाही. खाली बसला, ट्रकच्या सावलीत. म्हणाला, गाडी गार होऊ दे, मग बघू. आम्हीही बसलो. गरम लोखंड टिकटिक करत आकसत होतं. खाली दरीत कुठेतरी पाण्याचा पंप चालू होता. बाबांचा फोन आला. "कुठवर?" "जवळ आलोय." "ठीक आहे ना सगळं?" "चहाला थांबलोय." फोन ठेवल्यावर आत्या म्हणाली, "खोटं बोलू नये, पण हे बरं बोललीस." मग थोड्या वेळाने, "तेल बघ पुन्हा. नुसतं बसून काय करतेस?"

मी उठले, पट्टी ओढली, पुसली, घातली, ओढली. आणि तशीच धरून उभी राहिले.

"किती?"

तेल वरच्या खुणेच्या कितीतरी वर होतं. पट्टीच्या सपाट भागाच्याही वर, गोल तारेपर्यंत. मी पुन्हा पुसून पाहिलं. तेच.

"मुंगे, किती?"

"वर," मी म्हटलं. "आत्या, खूप वर."

मग तिने दार उघडलं, हाताने गाडीला धरत पुढे आली, आणि माझ्याशेजारी उभी राहिली. मला उलगडत होतं, तिलाही. इंजिन चालू असताना तेल वर, सगळ्या भागांवर पसरलेलं असतं. बंद केल्यावर ते सावकाश खाली उतरतं. आम्ही दर वेळी थांबल्या थांबल्या, तेल खाली यायच्या आधीच पट्टी ओढत होतो. माप कमी यायचं. आम्ही घालत गेलो. गाडी तेल पीत नव्हती. आम्हीच तिला पाजत आलो होतो, नरसाळ्याने, एक थेंब न सांडता, ती गुदमरेपर्यंत. आत्याच्या खांद्याला हादरे बसायला लागले. मला वाटलं ती रडतेय. ती हसत होती. "आपण दोघींनी!" ती म्हणाली. "जगात कुणीही केलं असतं तर चाललं असतं. आपण दोघींनी!" आणि मग मीही, बॉनेटला टेकून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. ट्रकवाला सावलीतून बघत राहिला. "मावशी, ऊन लागलं का?"

त्याला सांगितलं तेव्हा त्याने कपाळावर हात मारला. "जीव घ्याल की बिचारीचा लाडाने." मग पाना आणला, एक रिकामा डबा आणला, आणि गाडीखाली शिरू लागला. पोट आडवं आलं. तेव्हा मी टॉवेल पसरून गाडीखाली गेले. तळाचा बोल्ट हलेना, मग हलला. तेल माझ्या मनगटावरून कोमट वाहत कोपरापर्यंत गेलं. वरून ट्रकवाला पट्टी बघून सांगत होता आणि आत्या त्याला दम भरत होती, "थांब! लगेच नाही वाचायचं. उतरू दे आधी. हं, आता बघ." मी अंधारात उताणी, डोळ्यांसमोर गाडीचं पोट, गंजलेलं, तेलकट, जिथे आजवर मी कधी आले नव्हते, आणि वर तिचा तो आवाज, दुकानं गप्प करणारा. मला एकदम इतकं बरं वाटलं की मी बोल्ट आवळायचाच विसरले असते. लहानपणी ती मला मागच्या सीटवर बसवून सगळ्या बाजारभर हिंडवायची ते माझी सोय म्हणून, असं मी धरून चालले होते. पण वजनांची पेटी, मी आणि ती, अशा तिघी मिळून त्या गाडीत एक घरच होतो की. तिलाही ते लागत असणार. मला ते आजवर सुचलं कसं नाही, कोण जाणे. कदाचित मीही फार लवकर वाचलं होतं.

बाहेर आले तेव्हा ट्रकवाला एक संत्रं सोलत होता. अर्धं त्याने आत्यापुढे धरलं. मी बघत राहिले. आत्याने हात पुढे केला, मागे घेतला, पदराला पुसला, आणि पुन्हा पुढे केला. "आण," ती म्हणाली. "आंबट असेल तर परत देईन." संत्रं आंबट होतं. तिने तोंड वाकडं करत सगळं खाल्लं, आणि बिया मुठीत धरून ठेवल्या, कुठे टाकाव्यात ते न कळल्यासारख्या.

गाडी चालू झाली. धूर लगेच थांबला नाही. आत साचलेलं तेल जळून जायला वेळ लागणारच होता, हे मला माहीत होतं, तरी उतार संपेपर्यंत माझी नजर आरशात आणि मान ताठ. ट्रकवाला मागून सावकाश येत होता. एका वळणानंतर मला त्याच्या ट्रकचा नंबर वाचता आला. मग त्याचा चेहरा दिसला. त्याने हात वर केला, हॉर्न वाजवला आणि आम्हाला ओलांडून गेला. "गेला का?" आत्याने विचारलं. "गेला." "धूर?" "तोही." तिने उशीला पाठ टेकली आणि डोळे मिटले. "पोट सुटलेला माणूस चांगला होता," ती म्हणाली.

घरापाशी पोचलो तेव्हा दिवे लागायची वेळ झाली होती. फाटक आधीच सताड उघडून ठेवलं होतं. गाडी आत घेतली, इंजिन बंद केलं. बाबा पायरीवर उभे होते, आई त्यांच्या मागे. बाबांनी गाडीकडे पाहिलं, माझ्या काळ्या हातांकडे पाहिलं. मी उतरले. आत्या उतरली नाही. बाबा दाराशी गेले. "ताई, चल की आत. खोली लावून ठेवलीय."

"येते रे. जरा बसू दे."

आईने माझ्या दंडाला हात लावला, पण मी हलले नाही. बाबा तिथेच घुटमळले. कोण कुणाच्या दारात उभं होतं, ते त्या क्षणी सांगणं कठीण होतं. मग ते समोरून वळसा घालून पलीकडे गेले, ड्रायव्हरच्या बाजूला, आणि दाराच्या कडीला हात लावून वाकले. त्यांना गाडी चालवता येत नाही. आयुष्यात ते त्या सीटवर कधी बसले नसतील.

"मी येऊ का आत?" त्यांनी विचारलं.

आत्याने उशी सारखी केली आणि पायांशी ठेवलेला थर्मास उचलून मांडीवर घेतला. "ये की, राजे. घोटभर चहा असेल अजून. आणि दार जोरात ओढ, ते हळू लावलं तर लागत नाही."